विश्लेषण : युद्धाला संसदेची परवानगी लागते का? हैदराबादच्या ‘पोलीस ॲक्शन’पासून ‘ऑपरेशन सिंदूर’पर्यंत काय घडले?

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. हैदराबाद संस्थान भारतात येण्यापूर्वी संपूर्ण मराठवाडा निजामाच्या अमलाखाली होता. समर्थ रामदासांचे जन्मगाव असलेले जालना जिल्ह्यातील जांब समर्थही त्यातच होते. ही राजवट संपली ती १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या लष्करी कारवाईने. रणगाडे, तोफखाना आणि विमाने वापरली गेली, तरी या कारवाईला ‘युद्ध’ म्हटले गेले नाही. सरकारी भाषेत ती ‘पोलीस कारवाई’ होती आणि मराठवाड्यात आजही जुनी माणसे तिला ‘पोलीस ॲक्शन’च म्हणतात. या कारवाईचा निर्णय कुणी घेतला होता? तेव्हाच्या कायदेमंडळाने त्यावर मतदान केले होते का? आणि आज भारताला कुणाशी युद्ध करायचे झाले, तर आधी संसदेची मंजुरी घ्यावी लागते का? याचा आढावा.

हैदराबादवरील कारवाईला मंजुरी कुणाची होती?

ऑगस्ट १९४७ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम मीर उस्मान अली खान यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. मात्र रझाकारांचे अत्याचार वाढत गेले आणि वाटाघाटी फिसकटल्या. ऑगस्ट १९४८ मध्ये भारत सरकारने हैदराबादविषयी श्वेतपत्रिका काढली. त्याच महिन्यात निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली.

त्या काळी आजची संसद अस्तित्वात नव्हती. घटना समितीच कायदेमंडळ म्हणूनही काम करत होती आणि त्या कामकाजाचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर होते. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी ७ सप्टेंबर १९४८ रोजी सभागृहात निवेदन केले. निजामाने रझाकार संघटना बरखास्त करावी आणि भारतीय सैन्याला सिकंदराबादेत परतू द्यावे, असे त्याला सांगितल्याची माहिती त्यांनी दिली. सहा दिवसांनी, १३ सप्टेंबरला सैन्य संस्थानात शिरले. म्हणजे सभागृहाला परिस्थितीची कल्पना देण्यात आली होती. पण ‘सैन्य पाठवावे की नाही’ असा ठराव मांडून त्यावर मतदान घेण्यात आले नाही. निर्णय मंत्रिमंडळाचा होता.

लष्कराने या मोहिमेला ‘ऑपरेशन पोलो’ हे नाव दिले होते. मुख्य फौज सोलापूरकडून नळदुर्गच्या दिशेने निघाली. १५ सप्टेंबरपर्यंत औरंगाबाद आणि जालना भारतीय सैन्याच्या ताब्यात आले. १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी हैदराबादचे सेनाप्रमुख अल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतोनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली.

‘युद्ध’ हा शब्द का टाळला गेला?

त्यामागे कायदेशीर कारण होते. युद्ध दोन सार्वभौम देशांमध्ये होते. हैदराबादशी ‘युद्ध’ आहे असे म्हटले असते, तर हैदराबाद हा वेगळा देश असल्याचे मान्य केल्यासारखे झाले असते. निजाम सुरक्षा परिषदेपुढे नेमका हाच दावा करत होता. भारताच्या दृष्टीने हा कायदा-सुव्यवस्थेचा अंतर्गत प्रश्न होता, म्हणून शब्दही पोलिसी निवडला गेला.

गंमत म्हणजे दोनच वर्षांनी अमेरिकेतही हाच शब्द आला. जून १९५० मध्ये अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी कोरियात सैन्य उतरवले. संयुक्त राष्ट्रांच्या वतीने होणारी ही ‘पोलीस कारवाई’ म्हणता येईल का, असे पत्रकारांनी विचारले आणि ट्रुमन यांनी होकार दिला. कोरियातील संघर्ष तीन वर्षे चालला, पण अमेरिकी काँग्रेसने त्यासाठी युद्ध पुकारण्याचा ठराव कधीच केला नाही. परवानगीची अट ‘युद्ध’ या शब्दाला बांधलेली असेल, तर सरकारे शब्द बदलून अट टाळू शकतात. या विषयावरील जगभरच्या वादाचे मूळ इथे आहे.

आपली राज्यघटना काय सांगते?

भारतीय राज्यघटनेत ‘युद्धापूर्वी संसदेची मंजुरी घ्यावी’ असे कुठेही लिहिलेले नाही. अनुच्छेद ५३ नुसार सेनादलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे. अनुच्छेद ७४ नुसार राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. त्यामुळे प्रत्यक्षात निर्णय पंतप्रधान आणि त्यांचे मंत्रिमंडळ घेते. आज हे काम सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीत होते. ही पद्धत ब्रिटिशांकडून आली. तिथे युद्ध आणि तह हे राजसत्तेचे विशेषाधिकार मानले जातात आणि ते राजाच्या नावाने सरकार वापरते.

मात्र घटनेने संसदेला अगदीच बाहेर ठेवलेले नाही. सातव्या अनुसूचीतील केंद्र सूचीत ‘युद्ध आणि शांतता’ हा पंधरावा विषय आहे. म्हणजे त्यावर कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे. सेनादलांच्या आधिपत्याचा वापर ‘कायद्याने विनियमित’ होईल, असेही अनुच्छेद ५३ सांगतो. या दोन तरतुदी एकत्र वाचल्या, तर घटनादुरुस्ती न करताही मंजुरीची अट घालणारा कायदा करण्याचा मार्ग उघडा असल्याचे दिसते. तसा कायदा आजवर झालेला नाही, इतकेच.

आणीबाणीला मंजुरी लागते, मग युद्धाला का नाही?

घटनेतील सर्वांत मोठी विसंगती हीच आहे. युद्ध किंवा परकीय आक्रमणामुळे अनुच्छेद ३५२ खाली राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली, तर ती संसदेपुढे ठेवावीच लागते. मूळ घटनेत त्यासाठी दोन महिन्यांची मुदत होती. १९७५ च्या आणीबाणीचा अनुभव घेतल्यानंतर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने नियम कडक झाले. आता मंत्रिमंडळाची लेखी शिफारस लागते. एका महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते आणि तीही साध्या बहुमताने नव्हे. एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत, अशा दोन्ही अटी पाळाव्या लागतात. शिवाय दर सहा महिन्यांनी पुन्हा मंजुरी घ्यावी लागते.

म्हणजे युद्धामुळे नागरिकांच्या हक्कांवर मर्यादा आणायच्या असतील तर संसदेची कडक परीक्षा आहे, पण खुद्द युद्धासाठी कोणतीच परीक्षा नाही. मार्च १९७७ नंतर देशात राष्ट्रीय आणीबाणी जाहीर झालेली नाही. त्यानंतर सियाचिन, श्रीलंका, कारगिल, बालाकोट आणि ‘ऑपरेशन सिंदूर’ अशा अनेक मोहिमा झाल्या. आणीबाणीच नसल्याने संसदेत सक्तीचे मतदान घेण्याची वेळ एकदाही आली नाही.

आजवरच्या युद्धांत संसदेची भूमिका काय राहिली?

१९६२ : चीनने २० ऑक्टोबरला मोठा हल्ला केला आणि २६ ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली. संसदेचे अधिवेशन लवकर बोलवावे, अशी मागणी तेव्हा राज्यसभेत असलेल्या अटलबिहारी वाजपेयी यांनी केली आणि नेहरूंनी ती मान्य केली. लढाई सुरू असतानाच, ८ नोव्हेंबरला अधिवेशन सुरू झाले. सरकारवर त्यांच्याच पक्षाच्या सदस्यांनीही टीका केली. १४ नोव्हेंबरला आक्रमकाला हुसकावून लावण्याचा निर्धार व्यक्त करणारा ठराव मंजूर झाला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये आचार्य कृपलानी यांनी नेहरू सरकारविरुद्ध अविश्वास ठराव आणला. स्वतंत्र भारताच्या लोकसभेतील तो पहिला अविश्वास ठराव होता. तो फेटाळला गेला, पण सरकारला सभागृहात उत्तर द्यावे लागले.

१९६५ : १ सप्टेंबरला पाकिस्तानी रणगाडे छांब भागात घुसले. हवाई दल वापरायचे की नाही, हा प्रश्न संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्यासमोर आला. चव्हाण तेव्हा नाशिकचे खासदार होते. लष्करप्रमुख होते जनरल जयंतोनाथ चौधरी, म्हणजे १९४८ मध्ये हैदराबादची शरणागती स्वीकारणारे अधिकारी. हवाई दलप्रमुख अर्जन सिंग यांच्याशी बोलून चव्हाण यांनी लगेच परवानगी दिली आणि त्याच संध्याकाळी विमानांनी हल्ले केले. सैन्याने ६ सप्टेंबरला पंजाबमध्ये आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली आणि चव्हाण यांनी त्याच दिवशी त्याची माहिती लोकसभेला दिली. आधी परवानगी घेतली नाही, पण सभागृहाला अंधारातही ठेवले नाही.

१९७१ : पूर्व बंगालमधील जनतेला पाठिंबा देणारा ठराव संसदेने ३१ मार्चलाच केला होता. ३ डिसेंबरला पाकिस्तानने हवाई हल्ले केले तेव्हा अधिवेशन सुरू होते. बांगलादेशला मान्यता दिल्याची घोषणा ६ डिसेंबरला आणि ढाक्यातील शरणागतीची घोषणा १६ डिसेंबरला इंदिरा गांधी यांनी सभागृहातच केली.

१९८७ : राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांच्यात २९ जुलैला करार झाला आणि लगेच भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरली. शांतता राखण्यासाठी गेलेले सैन्य काही महिन्यांतच ‘एलटीटीई’शी लढू लागले. मार्च १९९० मध्ये ते परतले, तोपर्यंत सुमारे १,२०० जवान गमावले गेले होते. मोहिमेचे स्वरूप बदलले, तेव्हा ती सुरू ठेवावी का, याचा कौल संसदेकडून घेतला गेला नाही.

१९९९ : वाजपेयी सरकार १७ एप्रिलला एका मताने पडले आणि लोकसभा विसर्जित झाली. त्यानंतर कारगिलची घुसखोरी उघड झाली. विरोधकांनी राज्यसभेचे विशेष अधिवेशन मागितले, पण ते बोलावले गेले नाही. एकेकाळी नेहरूंकडे अधिवेशन मागणारे वाजपेयी आता पंतप्रधान होते. युद्धानंतर मात्र के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल काही भाग वगळून फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत मांडला गेला.

२०२५ : पहलगाम येथे २२ एप्रिलला दहशतवादी हल्ला झाला. ७ मे रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाले आणि १० मे रोजी लष्करी कारवाई थांबली. या काळात सरकारने सर्वपक्षीय बैठका घेतल्या. विशेष अधिवेशनाची विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. लोकसभेत चर्चा सुरू झाली ती २८ जुलैला, म्हणजे कारवाईनंतर ८२ दिवसांनी. घटनेनुसार दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपर्यंत अंतर चालते, त्यामुळे यात कोणताही नियम मोडला नाही. प्रश्न आहे तो नियमच इतका सैल असण्याचा.

संसद सैन्य पाठवणे रोखू शकते का?

अप्रत्यक्षपणे, हो. २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला. लोकसभेने ८ एप्रिलला एकमताने ठराव करून त्या कारवाईबद्दल नापसंती नोंदवली. पुढे इराकमध्ये भारतीय सैन्य पाठवावे, अशी अमेरिकेची विनंती होती. सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने १४ जुलैला ती नाकारली. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसल्याचे कारण सरकारने दिले. ठराव कायद्याने बंधनकारक नव्हता, पण सभागृहाचे मत नोंदले गेल्यावर त्याविरुद्ध जाणे कोणत्याही सरकारला राजकीयदृष्ट्या अवघड असते.

इतर देशांत काय पद्धत आहे?

अमेरिकेच्या राज्यघटनेत युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला आहे. तरीही औपचारिक युद्धघोषणा शेवटची झाली ती १९४२ मध्ये. व्हिएतनामच्या अनुभवानंतर, १९७३ मध्ये अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने युद्धाधिकार कायदा केला. अध्यक्षांनी सैन्य लढाईत उतरवल्यास ४८ तासांत काँग्रेसला कळवायचे. मंजुरी मिळाली नाही, तर ६० दिवसांत सैन्य मागे घ्यायचे आणि माघारीसाठी आणखी ३० दिवस. अनेक अध्यक्षांनी या कायद्यातून पळवाटा शोधल्या आहेत.

ब्रिटनमध्ये कायदा नाही, पण २००३ च्या इराक युद्धापूर्वी संसदेत मतदान झाले. २०१३ मध्ये सीरियावरील कारवाईचा सरकारी प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला गेला आणि पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी तो सोडून दिला. २०१८ मध्ये मात्र थेरेसा मे यांनी मतदान न घेताच सीरियावर हवाई हल्ल्यांचा आदेश दिला. संकेत आणि कायदा यांतील फरक इथे दिसतो.

फ्रान्समध्ये २००८ पासून सरकारने तीन दिवसांत संसदेला कळवायचे आणि मोहीम चार महिन्यांपेक्षा लांबली, तर मंजुरी घ्यायची. जर्मनीचा नियम सर्वांत कडक. तेथील घटना न्यायालयाच्या १९९४ च्या निकालानुसार आणि २००५ च्या कायद्यानुसार सैन्य परदेशी लढाईत पाठवण्यापूर्वी संसदेची मंजुरी लागते. तातडीचा धोका असेल, तर आधी कारवाई आणि नंतर मंजुरी अशी सवलत आहे.

आधी मंजुरी घेण्यात अडचणी काय?

पहिली अडचण वेळेची. छांबमध्ये रणगाडे पुढे सरकत असताना चव्हाण यांना सभागृहात मतदान घ्यायला वेळ नव्हता. दुसरी गुप्ततेची. सीमेपलीकडील तळावर हल्ला करण्याची चर्चा आधी संसदेत झाली, तर तळ रिकामा होणार. तिसरी कारगिलने दाखवली. लोकसभाच विसर्जित झालेली असेल, तर मंजुरी देणार कोण?

चौथी अडचण राजकीय आहे. पक्षांतरबंदी कायद्यामुळे १९८५ पासून पक्षादेश मोडणाऱ्या खासदाराचे पद जाऊ शकते. त्यामुळे बहुमतातील सरकारला मंजुरी मिळवणे सोपे आहे. मग मतदानाचा उपयोग काय, असा आक्षेप घेतला जातो. त्यावरचे उत्तर असे की, मतदानासाठी सरकारला कारणे, उद्दिष्ट आणि मर्यादा सभागृहाच्या कामकाजात नोंदवाव्या लागतात. श्रीलंकेसारखी मोहीम भरकटू लागली, तर या नोंदीच सरकारला प्रश्न विचारण्याचा आधार ठरतात.

मतदाराच्या दृष्टीने याचा अर्थ काय?

गावाच्या विकास आराखड्याला किंवा घरकुलाच्या लाभार्थी यादीला ग्रामसभेची मान्यता लागते. देशाच्या युद्धाला मात्र संसदेची लागत नाही. जांब समर्थ जालना जिल्ह्यात असले तरी घनसावंगी विधानसभा मतदारसंघासोबत ते लोकसभेसाठी परभणीला जोडलेले आहे. युद्धाच्या काळात परभणीच्या खासदाराकडे कोणती साधने असतात? अधिवेशन सुरू असेल तर प्रश्न, स्थगन प्रस्ताव, नियम १९३ खालील चर्चा आणि टोकाच्या वेळी अविश्वास ठराव. लढाईचा खर्च वाढला की सरकारला पुरवणी मागण्या घेऊन लोकसभेपुढे यावे लागते, तेव्हा कपात सूचना मांडता येते. ‘कॅग’चे अहवाल आणि लोकलेखा समिती हाही एक मार्ग आहे. कारगिलच्या काळातील संरक्षण खरेदीवर ‘कॅग’च्या २००१ च्या अहवालाने ताशेरे ओढले होते. ही सारी साधने कारवाई सुरू झाल्यानंतरची आहेत.

आणि नंतरचा हिशेबही दर वेळी मिळतो असे नाही. हैदराबादच्या कारवाईनंतर मराठवाड्यासह संस्थानाच्या काही भागांत मोठा हिंसाचार झाला. त्यात प्रामुख्याने मुस्लिम नागरिक बळी पडले. नेहरूंनी पाहणीसाठी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली सदिच्छा मंडळ पाठवले. कारवाईदरम्यान आणि नंतर किमान २७ ते ४० हजार लोक मारले गेले असावेत, असा अंदाज मंडळाच्या अहवालात आहे. उस्मानाबाद आणि नांदेड हे मराठवाड्यातील जिल्हे सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत होते. सरकारने तो अहवाल तेव्हा प्रसिद्ध केला नाही आणि अनेक दशके तो सर्वसामान्यांच्या नजरेआड राहिला. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांच्या आठवणी घराघरात सांगितल्या गेल्या, पण पुढच्या हिंसाचाराची अधिकृत नोंद दप्तरात राहिली. १९६२ च्या पराभवाची मीमांसा करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवालही सरकारने अद्याप अधिकृतपणे खुला केलेला नाही. कारगिल समितीचा अहवाल संसदेत मांडला गेला, कारण तेव्हाच्या सरकारने तसे ठरवले. उद्याच्या सरकारला ते बंधन नाही.

मधला मार्ग कोणता?

युद्धापूर्वीच मंजुरी हवी, ही अट भारतासारख्या दोन अशांत सीमा असलेल्या देशात अवघड आहे. पण ‘आधी नाही तर कधीच नाही’ असा त्याचा अर्थ होत नाही. आणीबाणीसाठी घटनेने आखलेली पद्धत समोर आहे : निर्णय सरकारने घ्यावा, पण ठरलेल्या मुदतीत तो संसदेपुढे ठेवावा, मोहीम लांबली तर पुन्हा मंजुरी घ्यावी. लोकसभा विसर्जित असेल, तर राज्यसभेने मंजुरी द्यावी आणि नव्या लोकसभेने बैठकीपासून ३० दिवसांत ती द्यावी, अशी सोयही अनुच्छेद ३५२ मध्ये आहे. म्हणजे कारगिलच्या वेळच्या अडचणीचे उत्तर घटनेत आधीपासूनच लिहिलेले आहे. त्याला मोहीम संपल्यावर अहवाल मांडण्याच्या सक्तीची जोड देता येईल आणि मुदतीची ही अट ‘युद्ध’ या शब्दाला न बांधता, सैन्याच्या सीमेपलीकडील प्रत्यक्ष लढाईला बांधता येईल. नाहीतर ‘पोलीस कारवाई’ची पळवाट कायम राहील.

१९४८ मध्ये घटना समितीत हैदराबाद संस्थानाचे प्रतिनिधीच नव्हते. जालन्यात सैन्य आले, तेव्हा जांब समर्थच्या वतीने सभागृहात बोलणारा कुणी नव्हता. आज लोकसभेत या गावाचा खासदार आहे. पुढच्या मोहिमेवेळी त्याला किती दिवसांत बोलता येईल, हे मात्र आजही कोणत्याच कायद्यात लिहिलेले नाही.